चाळिशीत ऑटिझमची शंका: निदान कुठे, आणि आपल्यासारखे कुठे भेटतात?

उंबरठा४१:
वय ४१, राहणार नाशिक. एक्यू चाचणीत (ऑटिझमच्या खुणा मोजणारी, आपण स्वतः भरायची प्रश्नावली) ५० पैकी ३७ आले. लहानपणचं सांगायला आई-वडील हयात नाहीत. निदान कोणाकडे करून घ्यायचं? दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र काढावंच लागतं का? आणि प्रौढांचे गट कुठे असतात? शोधल्यावर सगळे पालकांचेच सापडतात.

शेवंती:
एक्यूत ३२ किंवा जास्त आले म्हणजे तपासून घ्या, एवढंच. नुसत्या सामाजिक भीतीनेही आकडा चढतो. आरसीआय (भारतीय पुनर्वास परिषद) नोंदणी असलेले क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट किंवा मनोविकारतज्ज्ञ गाठा, पण आधी फोन करून प्रौढांचं निदान करतात का ते विचारा. बरेच जण फक्त मुलांचं करतात.

टिपण लिहून न्या. डीएसएम-५ मध्ये (मानसोपचारातलं निदानाच्या निकषांचं अमेरिकी पुस्तक) सामाजिक संवादाचे तिन्ही निकष लागतात. त्याच त्या हालचालींची किंवा बोलण्याची पुनरावृत्ती, ठरलेपणाचा आग्रह, खोल आवडी आणि आवाज-स्पर्शासारख्या संवेदना जास्त किंवा कमी जाणवणं या चारपैकी किमान दोन. प्रत्येकाखाली लहानपणचं वेगळं, आत्ताचं वेगळं. ‘नजर देता येत नाही’ असं मोघम नको. ‘मुलाखतीत ठरवून भुवयांकडे बघतो, तेवढ्यात प्रश्न निसटतो’ असं लिहा. हे सगळं लोकांपासून झाकायला काय काय करता आणि नंतर किती थकता हे लिहिलं नाही, की ‘लग्न झालंय, नोकरी आहे, मग कसला ऑटिझम?’ ऐकून परत यावं लागतं. लहानपणासाठी मोठी भावंडं, आत्या, मावशी चालतात. जुन्या प्रगतिपुस्तकातले शिक्षकांचे शेरे मिळाले तर फारच उत्तम.

कागदीघोडा:
निदान वेगळं, प्रमाणपत्र वेगळं. प्रमाणपत्रासाठी यूडीआयडी (दिव्यांग ओळखपत्राच्या सरकारी) पोर्टलवर अर्ज, मग सरकारी रुग्णालयात तपासणी. तिथे आयएसएए हे ऑटिझमचं भारतीय मोजमाप वापरतात: ४० मुद्दे, प्रत्येकी १ ते ५ गुण. ७० च्या खाली आलात तर ‘ऑटिझम नाही’. मुद्दे मुलं डोळ्यासमोर ठेवून केलेले, त्यामुळे बोलतं-चालतं, नोकरी करणारं माणूस सहज खाली राहतं. पण तेवढ्यावरून तज्ज्ञांचं निदान खोटं ठरत नाही. नोकरीतलं आरक्षण हवं असेल तर प्रमाणपत्रावर किमान ४० टक्के दिव्यांगत्व लागतं. आयकरातली ७५,००० ची वजावट जुन्या करप्रणालीतच मिळते. नवी निवडली असेल तर तेवढ्यासाठी खेटे घालू नका.

मधलीसुट्टी:
गट निवडताना चालवणारे स्वतः ऑटिस्टिक आहेत का ते आधी बघा. निदानाचा कागद नसलेल्यांना घेतात का? कॅमेरा बंद ठेवून, नुसतं टाइप करून चालतं का? ‘बरं करण्याचे’ उपाय विकत असतील तर तिथून निघा. प्रत्यक्ष भेट असेल तर विषय आणि संपायची वेळ आधी कळलेली बरी. काही ठिकाणी रंगीत बिल्ले असतात: लाल म्हणजे बोलू नका, पिवळा म्हणजे फक्त ओळखीच्यांनी, हिरवा म्हणजे या, बोला. ऑटिस्टिक लोकांनीच अमेरिकेत भरवलेल्या ऑट्रीट मेळाव्यांतली ही पद्धत. नाहीच जमलं तर रेल्वेप्रेमी, पक्षिनिरीक्षक, लिनक्सवाले यांच्यात जा. तिथे आपली माणसं पाटी न लावता बसलेली असतात.

उंबरठा४१:
फोन करणं हीच तर अडचण आहे. ईमेल चालेल?

शेवंती:
चालेल. तीनच ओळी: वय, प्रौढ ऑटिझमचं निदान हवंय, आणि किती बैठका व एकूण फी किती. शेवटी ‘उत्तर ईमेलवरच द्यावे’ घाला, नाहीतर ते फोन करतात.