अनुभव धागा: लाडका खेळाडू जुन्या क्लबात परततो तेव्हा

फ्रेंच मिडफिल्डर पोग्बाचं बघा. 2012 मध्ये करार संपला आणि मँचेस्टर युनायटेडमधून जवळपास फुकटात युव्हेंटसला गेला. 2016 मध्ये युनायटेडनेच त्याला सुमारे 8.9 कोटी पौंड मोजून परत आणलं आणि 2022 मध्ये स्वारी पुन्हा फुकटात युव्हेंटसला! व्यवहाराचं डोकं असलेल्यांनी यावर वेगळा धागा काढावा. इथे फक्त अनुभव लिहा. आपला माणूस परत आला तेव्हा काय वाटलं? त्याचं पुढे काय झालं? स्वतः कुठल्या संघात परतला असाल तर आधी तेच लिहा.

लालपांढरा
माझ्यासाठी एकच नाव, फर्नांडो टोरेस. लिव्हरपूलमुळे मी त्याचा चाहता झालो, चेल्सीत गेला तेव्हा यथेच्छ शिव्या घातल्या आणि तिथे त्याचे गोल आटले तेव्हा मनातून थोडा खूशही झालो. जानेवारी 2015 मध्ये तो अ‍ॅटलेटिको माद्रिदला उसनवारीवर परतला. मॅच नाही, काही नाही, नुसती जर्सी घालून मैदानावर यायचं होतं, तरी चाळीस हजारांवर माणसं जमली. मला ते जरा अतीच वाटलं. मग काही दिवसांतच स्पेनच्या किंग्ज कपमध्ये रेआल माद्रिदच्या मैदानावर त्याने पहिल्याच मिनिटाला गोल मारला, आणि मध्यंतरानंतर लगेच दुसरा. मी घरात एकटाच ओरडत होतो.

पण माझी खरी आठवण 2018 च्या युरोपा लीग फायनलची आहे. अ‍ॅटलेटिको मार्सेविरुद्ध 3-0 ने पुढे, आणि टोरेस अगदी शेवटी, नव्वदाव्या मिनिटाला आत आला. चेंडूला पाय लागला असेल-नसेल. वर्ल्ड कप, दोन युरो, चॅम्पियन्स लीग सगळं जिंकलेला माणूस, पण लहानपणापासूनच्या क्लबाकडून मोठी ट्रॉफी एकही नाही. कप उचलताना कॅप्टन गाबीने त्याला शेजारी घेतलं आणि दोघांनी मिळून उचलला. इथे मात्र माझा बांध फुटला.

राखीव बाक
आर्सेनलचा जुना स्ट्रायकर थिएरी आँरीबद्दल लिहायला आलो होतो. आर्सेनलने स्टेडियमबाहेर त्याचा पुतळा उभारला डिसेंबर 2011 मध्ये, आणि महिन्याभरात पुतळेवाला स्वतः बदली खेळाडू म्हणून हजर! लीड्सविरुद्ध एफए कपमध्ये उतरला आणि दहाएक मिनिटांत गोल. डावीकडून आत येऊन लांबच्या कोपऱ्यात, तोच जुना फटका. त्याचा जुना 14 नंबर वॉलकॉटकडे गेला होता, म्हणून याने निमूट 12 घेतला. मला तो नंबरच जास्त भावला.

सातनंबरी
@राखीव बाक, आमच्याकडे उलटं झालं. 2021 मध्ये रोनाल्डो मँचेस्टर युनायटेडला परत आला आणि कवानीने त्याच्यासाठी 7 नंबर सोडून 21 घेतला. न्यूकॅसलविरुद्धची त्याची परतीची पहिली मॅच इंग्लंडमध्ये टीव्हीवर लाइव्ह नव्हती, शनिवारी दुपारी तीनच्या मॅचेस तिथे दाखवत नाहीत. आपण मात्र आरामात संध्याकाळी बघितली. दोन गोल! त्या मोसमात त्याने लीगमध्ये 18 मारले, तरी संघ सहावा. पुढच्या वर्षी बाकावर बसायची वेळ आली, नोव्हेंबरमध्ये क्लबवरच टीका करणारी ती मुलाखत झाली आणि सगळं संपलं. लोक म्हणतात यायलाच नको होता. मला नाही पटत. 18 गोल कमी आहेत का?

डावा बॅक
मी कसला प्रोफेशनल, जिल्हा लीगमधला मिडफिल्डर. दुसऱ्या क्लबने मानधन देऊ केलं म्हणून गेलो, तिथली टीम बंद पडल्यावर परत आलो. माझ्या जागी एक पोरगा खेळत होता. मोजे घोट्यापर्यंत उतरलेले, शिनगार्डला चिकटपट्टी, आणि पळायला वारा. पहिल्याच सरावात तो म्हणाला, "दादा, कॉर्नर तुम्हीच घ्या ना." कोचने मला लेफ्ट बॅकला ढकललं. लाइनीबाहेरचे जुने दोस्त मुद्दाम "पाहुणे आले, पाहुणे आले" ओरडायचे. सुरुवातीला राग यायचा. नंतर त्याच पोराला मागून ओरडून जागा दाखवण्यात मजा यायला लागली, आणि माझ्या लाँग पासवर त्याने गोल केला की स्वतः मारल्यापेक्षा जास्त उड्या मारायचो.

लालपांढरा
@डावा बॅक, भारी! @सातनंबरी, गोलांचं कौतुक आहेच, पण परतलेल्याला जुनी खुर्ची तशीच हवी असेल तर अवघड होतं. रूनीचं बघ, 2017 मध्ये एव्हर्टनला परतला. वेस्ट हॅमविरुद्ध हॅटट्रिक, त्यातला एक स्वतःच्या हाफमधून! तरी वर्षभरात अमेरिकेला गेला.

सातनंबरी
मग डर्क काउटचं काय? तोही आपल्या जुन्या डच क्लबात, फेयनूर्दला परतला होता. फेयनूर्दला 1999 नंतर लीग मिळाली नव्हती. 2017 मध्ये शेवटच्या दिवशी याने हॅटट्रिक केली, पहिला गोल पहिल्याच मिनिटाला, आणि तीन दिवसांत निवृत्ती जाहीर. हा कुठे खुर्ची सोडून बसला होता?

राखीव बाक
काउटपुढे मी गप्प. पण व्हेरोन कसा राहिला? बापाने अर्जेंटिनाच्या एस्तुदियांतेस क्लबसाठी तीन वेळा लिबर्तादोरेस (दक्षिण अमेरिकेतल्या क्लबांचा सर्वात मोठा कप) जिंकली, पोरगा युरोप फिरून 2006 मध्ये परतला आणि 2009 मध्ये कॅप्टन म्हणून तोच कप उचलला. ती फायनल कुणी लाइव्ह बघितली असेल तर सविस्तर लिहा, मी फक्त हायलाइट्स पाहिल्यात.