अटलांटिक कुठे पाडलं आणि कुठे पडलं

रणातला_वाटसरू
काल इथे एकाने लिहिलं की १० ऑगस्ट १९९९ ला पाकिस्तानी नौदलाचं अटलांटिक हे टेहळणी विमान आपण त्यांच्या हद्दीत पाडलं, कारण ‘सांगाडा तिकडे सापडला, विषय संपला’. हे वाचून रात्री डोळ्याला डोळा लागला नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

विमान म्हणजे झाडावरचा नारळ नाही, बुंध्याशीच पडायला. ताशी साडेतीनशे किलोमीटर वेग धरला तरी मिनिटाला जवळपास सहा किलोमीटर झाले. क्षेपणास्त्र लागल्यावर ते कुठे कोसळेल हे उंची, वेग आणि तोंड कुठे होतं यावर ठरतं. २००३ मध्ये सर्वेक्षणाच्या कामाला मी कच्छमधल्या, हद्दीलगतच्या हरामी नाल्याच्या बाजूला गेलो होतो. ऑगस्टमध्ये तिथे सगळीकडे पाणी आणि चिखल. पाय घोट्यापर्यंत रुतला की चप्पल आतच राहते. बरोबरच्या जवानाने बोट करून हद्द दाखवली, मला तिथे चिखलाशिवाय काही दिसलं नाही. अशा जागी पाकिस्तानचं ‘दोन किलोमीटर आत’ हे वाक्य किती पेलतं, ते बघा.

दोन्ही सरकारं आपापल्या सोयीचंच बोलणार. म्हणून मी एवढंच बघतो की कोण स्वतःला गैरसोयीचं काय बोललं. सांगाडा त्यांच्या बाजूला आहे, हद्दीपासून दोनेक किलोमीटरवर, असं पाकिस्तानच म्हणालं. मग एप्रिल १९९१ च्या भारत-पाक कराराचं काय? लढाऊ विमानं एकमेकांच्या हवाई हद्दीच्या १० किलोमीटरच्या आत आणायची नाहीत, आणि त्या व्याख्येत टेहळणी विमानंही येतात. त्यांचं म्हणणं जसंच्या तसं खरं धरलं तरी विमान नको तिथे होतं.

सातारकर७१
आणि आपली मिग-२१? कच्छमधल्या नलिया तळावरून उडालेली ती विमानं काय पतंग होती? लढाऊ विमान म्हणजे लढाऊ विमान, १० किलोमीटरचा नियम त्यांनाही लागू. करार दाखवायचा तर दोघांना दाखवा. आणि करार मोडला म्हणून १६ माणसं मारायची, असं त्या कागदात कुठे लिहिलंय?

रणातला_वाटसरू
कोणी घुसलं तर आपली विमानं उठणारच, पहारेकऱ्याने काय घरात बसायचं? उतरायचा इशारा दिला, तो मानला नाही आणि ते मिगच्या रोखाने वळलं, हे आपलं म्हणणं. कारगिल थांबून पंधरा दिवस झाले होते. अशा वेळी हद्दीवर घिरट्या घालणाऱ्याला वैमानिकाने काय समजायचं?

सातारकर७१
इशारा दिला हेही आपणच सांगतो, वळलं हेही आपणच. तेव्हाचे हवाईदल प्रमुख टिपणीस आपलेच, म्हणून सगळं खरं? पाकिस्तान हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेलं, तेव्हा आपण अधिकारक्षेत्राचा मुद्दा काढला. जून २००० मध्ये १४ विरुद्ध २ मतांनी न्यायालय म्हणालं की हा खटला आमच्या अधिकारक्षेत्रात येत नाही, आणि तो तिथेच निकालात निघाला. बाजू एवढी भक्कम होती तर रडारची नोंद तिथे का नाही मांडली?

जुना_प्लॉटर
मी हवाईदलात रडारवर अकरा वर्षं काढली. ऐंशीच्या दशकात अंधाऱ्या खोलीत पारदर्शक पाटीच्या मागे उभं राहून ग्रीस पेन्सिलने उलटी अक्षरं लिहायचो, म्हणजे समोरच्या साहेबाला सुलटी दिसावीत. रडारच्या आवर्तनागणिक एक ठिपका. दोन ठिपक्यांच्या मध्ये विमान कुठे होतं ते आपण रेघ ओढून ठरवायचं. हद्दीवरून तिरकं जाणारं विमान असेल तर त्या रेघेतच अर्धा वाद असतो. १९९९ पर्यंत यंत्रं सुधारली होती, पण रडारची नोंद म्हणजे ब्रह्मवाक्य असं मी कधीच म्हणणार नाही. आणि ती कोर्टात मांडली की आपलं रडार कुठवर बघतं हे शेजाऱ्याला फुकट कळतं. म्हणून लष्करं ती सहसा देत नाहीत.

मायलेक
नोंद देत नाहीत, आणि तोंडही उघडत नाहीत. २७ फेब्रुवारी २०१९ ला बडगाममध्ये आपलं एमआय-१७ हेलिकॉप्टर कोसळलं. हवाईदलाचे सहा आणि जमिनीवरचा एक माणूस गेला. माझा भाचा तेव्हा श्रीनगरला होता. दुपारपर्यंत फोन लागेना, बहीण देवासमोर बसून होती. आपल्याच क्षेपणास्त्राने ते पाडलं हे हवाईदल प्रमुखांनी कधी मान्य केलं? ४ ऑक्टोबरला. मधले सात महिने त्या घरांना कोणी काय सांगितलं असेल?

सातारकर७१
ताई, हेच म्हणतोय. स्वतःच्या माणसांना सांगायला सात महिने, तर शत्रूच्या विमानाबद्दल पहिल्या दिवशी सांगितलेलं कसं मानू?

रणातला_वाटसरू
चौकशीला वेळ लागतो. घाईत चुकीच्या माणसावर खापर फुटलं असतं तर तुम्हीच ओरडला असता. आणि शेवटी मान्य केलं, ‘मोठी चूक’ म्हणून केलं. शेजाऱ्याने कारगिलला स्वतःच्या जवानांची प्रेतं नाकारली, ती आपल्या लोकांनी पुरली. हा फरक तुम्हाला दिसत नाही?

मायलेक
मला शेजाऱ्याचं सांगू नका! मी माझ्या सरकारला विचारतेय. देशावर प्रेम आहे म्हणूनच विचारतेय. दुपारी तीनपर्यंत न लागणारा फोन धरून बसला आहात कधी?

जुना_प्लॉटर
मी बसलोय, दुसऱ्या टोकाला. बाहेर बोलायची परवानगी नसते आणि घरचे वाट बघत असतात हे माहीत असतं.
पण ९ मार्च २०२२ पण लक्षात घ्या. आपलं क्षेपणास्त्र चुकून सुटून पाकिस्तानातल्या मियाँ चन्नूला जाऊन पडलं. पाकिस्तानने दुसऱ्या दिवशी जाहीर केलं, आपण ११ तारखेला मान्य केलं आणि ऑगस्टमध्ये तीन अधिकारी बडतर्फ झाले. म्हणजे तिथे त्यांचं खरं निघालं. हे लिहिताना मला बरं वाटत नाही, पण खरं आहे.

रणातला_वाटसरू
मियाँ चन्नूचं मान्य. बडगामचं ताईंचं बरोबर आहे, मी चौकशीची ढाल पुढे करायला नको होती. पण सांगाड्यावरून अटलांटिकचा निकाल लावता येत नाही, हे माझं म्हणणं कायम. ११ ऑगस्टला आपण पत्रकारांना हेलिकॉप्टरने तिथे नेलं, अवशेष आणून दाखवले. लपवायचं असतं तर कॅमेरे नेले असते?

सातारकर७१
ते अवशेष आमच्याच जमिनीवरून उचलून नेले, असं पाकिस्तान म्हणतं. आणि तुम्हीच वर लिहिलंय की तिथे हद्द दिसत नाही.
१९९१ च्या कराराचं तुमचं मान्य करतो, ते विमान तिथे असायला नको होतं. जागेचं मान्य नाही.