अनुभव धागा : कामाच्या दिवसात मन देवापाशी कसे टिकवता?

"निरंतर प्रार्थना करा" हे पौलाचे वाक्य (१ थेस्सलनीकाकरांस ५:१७) आपल्यापैकी बहुतेकांना पाठ आहे. पण सकाळची लोकल, मुलांचा डबा, ऑफिसातली कटकट, सासऱ्यांची औषधे या सगळ्यात ते पाळायचे कसे, हे रविवारच्या संदेशात क्वचितच येते. म्हणून हा धागा. कॅथलिक असा, प्रॉटेस्टंट असा, कोणत्याही मंडळीचे असा. तुम्ही जे नेमाने करता त्याची कृती लिहा. किती वेळ, कोणता उतारा, कुठे बसून, आणि मुख्य म्हणजे कुठे अडते व का अडते. साक्षी आपण मंडळीत ऐकतोच. इथे असे लिहा, की वाचणाऱ्याला उद्या सकाळी करून बघता येईल.

निवृत्त पाळक, अहिल्यानगर

सर्वांना जय ख्रिस्त.

वाचनापासून सुरुवात करतो, कारण पोटात वचन नसेल तर प्रार्थनेत आपण आपल्याच काळज्या देवाला पुन्हा पुन्हा ऐकवत राहतो. शास्त्रात १,१८९ अध्याय आहेत. जुन्या करारात ९२९, नव्यात २६०. सोमवार ते शनिवार रोज तीन आणि रविवारी पाच वाचले, तर वर्षात पूर्ण होतात. हिशोब सोपा, तरी दरवर्षी माणसे त्याच जागी थांबतात. उत्पत्ती आणि निर्गम ही पहिली दोन पुस्तके कथेच्या ओघात जातात. जानेवारीच्या अखेरीस लेवीय उघडते, होमबली आणि अन्नबलीचे नियम सुरू होतात. चार दिवस बुडतात, बारा अध्यायांची थकबाकी होते आणि ती भरून काढण्याच्या धास्तीने पुस्तकच मिटते.

यावर दोन उपाय. बुडालेले अध्याय सोडून द्यावेत आणि आजच्या तारखेचे वाचावेत. पुढच्या वर्षी ते पुन्हा येणारच आहेत. आणि लेवीय वाचताना शेजारी इब्री लोकांस पत्राचे ९ व १० हे अध्याय उघडे ठेवावेत, म्हणजे तो प्रमुख याजक, ते रक्त, तो पडदा हे सगळे कोणाकडे नेत आहे ते समजते.

नव्याने सुरू करणाऱ्याने वर्षाच्या योजनेच्या वाटेला जाऊच नये. मार्काचे १६ अध्याय, रोज एक. मग स्तोत्र ११९: वचने १७६, आठ-आठ वचनांचे २२ भाग, रोज एक भाग. मोठ्याने वाचावे; मनातल्या मनात वाचताना डोळे ओळी गाळतात आणि आपल्याला पत्ताही लागत नाही. शेवटी एक वचन चिठ्ठीवर लिहून खिशात ठेवावे आणि दिवसातून तीनदा काढावे: घरातून निघताना, दुपारच्या जेवणाआधी, परतीच्या वाटेवर. दानीएल दिवसातून तीनदा गुडघे टेकत असे (६:१०), आणि स्तोत्र ५५:१७ मध्येही संध्याकाळ, सकाळ, दुपार अशा तीनच वेळा आहेत. वचन आखूड हवे. दहा-बारा शब्दांपलीकडचे वचन गर्दीत आठवत नाही. स्तोत्र २३ चे पहिले वचन चांगले, किंवा फिलिप्पैकरांस ४:५ चा शेवट: "प्रभू समीप आहे."

हिशेबाचे काम करणारा, पुणे

पाळकसाहेबांच्या म्हणण्याला एक छोटी जोड. प्रार्थनेला बसताना शेजारी कोरा कागद आणि पेन ठेवा. गॅस नोंदवायचा आहे, फी भरायची आहे, अमक्याला फोन करायचा आहे, असे काही आठवले की दोन शब्दांत टिपा आणि परत वळा. मन ते धरून ठेवते ते विसरण्याच्या भीतीने. कागदावर उतरले की सोडते. एखादी गोष्ट मात्र तिसऱ्यांदा वर आली, तर तिला व्यत्यय समजू नका. तिच्याविषयीच प्रार्थना करा (फिलिप्पैकरांस ४:६). फोन दुसऱ्या खोलीत. शास्त्र फोनवरच वाचत असाल तर आधी विमान मोड लावा, नुसता आवाज बंद करून भागत नाही, कारण नजर संदेशाच्या पट्टीवर जातेच.

धर्मशिक्षण देणारी शिक्षिका, वसई

वर आलेल्या तीन वेळा आमच्याकडे चर्चच्या घंटेशी जोडलेल्या आहेत. सकाळ, दुपार, संध्याकाळ आंजेलस, म्हणजे देवदूताने मरियेला दिलेल्या संदेशाची आठवण करणारी कॅथलिक प्रार्थना: तीन ओळी, प्रत्येकीमागे एक नमो मरिया (मरियेला उद्देशून म्हणायची छोटी प्रार्थना), शेवटी छोटी प्रार्थना. दोन मिनिटे पुरतात. जिथे घंटा ऐकू येत नाही तिथे फोनला दुपारी बाराचा गजर लावा, पण त्याला वेगळा सूर द्या. उठायच्या गजराचाच सूर ठेवला तर हात सवयीने बंद करून मोकळा होतो.

आता रोझरी, म्हणजे मण्यांवर म्हणायची जपमाळ. पाच दशके (दहा-दहा नमो मरियांचे गट) म्हणजे साधारण वीस मिनिटे. प्रत्येक दशकाला येशू व मरियेच्या जीवनातला एक प्रसंग मनात धरायचा, त्याला रहस्य म्हणतात. आनंदाची रहस्ये सोमवारी व शनिवारी, दुःखाची मंगळवारी व शुक्रवारी, गौरवाची बुधवारी व रविवारी, आणि पोप जॉन पॉल दुसरे यांनी २००२ साली जोडलेली प्रकाशाची रहस्ये गुरुवारी. ओठ चालतात आणि मन बाजारात जाते, ही सगळ्यांची तक्रार. त्याचे कारण बहुतेकदा वेगात असते. घरच्या रोझरीत पुढे म्हणणारा आपला अर्धा भाग संपवायच्या आत मागचे सुरू करतात, आणि चौथ्या दशकापासून धावपळ होते. म्हणून नमो मरियाच्या मध्यावर येशूचे नाव येते तिथे सर्वांनी एक श्वास थांबावे. सगळ्या प्रार्थनेचा गाभा तिथेच आहे. एवढ्याने वेग आपोआप उतरतो.

दुसरे, रहस्याचे नुसते नाव न घेता दोन-तीन वचने वाचावीत. आनंदाची पाचही रहस्ये लूकच्या पहिल्या दोन अध्यायांत मिळतात: १:२६–३८, १:३९–५६, २:१–२०, २:२२–३८, २:४१–५२. त्यानंतर त्या दशकासाठी एका माणसाचे नाव घ्यावे. "जगातील सर्व दुःखितांसाठी" म्हटले की डोळ्यांपुढे कोणीच येत नाही. "शेजारच्या आजींच्या गुडघ्यासाठी" म्हटले की येते. वीस मिनिटे जमत नसतील तर एकच दशक शांतपणे म्हणा. दमलेल्या घरात पाच दशके रेटली की मुले रोझरीलाच कंटाळतात, आणि तो कंटाळा मोठेपणी जात नाही.

रात्रपाळीची परिचारिका, मुंबई

आमच्या कामात ठरलेली वेळ असे काही नसतेच. म्हणून प्रार्थना घड्याळाला न बांधता हातांच्या कामाला बांधायची. साबणाने हात नीट धुवायला ४० ते ६० सेकंद लागतात, सॅनिटायझरने २० ते ३०. एका वेळी एक आखूड वाक्य पुष्कळ होते: "प्रभू येशू, पुढच्या खाटेवरच्या माणसावर दया कर." पाळीत कितीतरी वेळा हात धुतले जातात, तेवढ्या वेळा आठवण होते, वेगळा वेळ काढावा लागत नाही. शिक्षकांना वर्गाचा उंबरठा, रिक्षावाल्यांना सिग्नल, स्वयंपाक करणाऱ्यांना शिट्टी, ज्याच्या त्याच्या कामात अशी जागा सापडते.

एक मर्यादा मात्र कटाक्षाने पाळावी. औषधाची मात्रा मोजताना, इंजेक्शन भरताना, रक्ताची पिशवी तपासताना मनात प्रार्थना चालू ठेवू नये. तिथे पूर्ण लक्ष त्या आकड्यावर हवे. जे काही करता ते प्रभूसाठी म्हणून जिवेभावे करा (कलस्सैकरांस ३:२३) याचा अर्थ त्या क्षणी आकडा बरोबर वाचणे हाच आहे. गाडी चालवणाऱ्यांनाही हेच लागू.

पाळी संपल्यावर सकाळी झोपणाऱ्यांनी "रात्रीची प्रार्थना" सकाळी झोपण्याआधी करावी. स्तोत्र १३४ अवघ्या तीन वचनांचे आहे आणि रात्री परमेश्वराच्या घरात उभे राहून सेवा करणाऱ्यांना उद्देशून आहे. स्तोत्र १२१ आठ वचनांचे. त्यातला इस्राएलाचा रक्षक झोप घेत नाही, डुलकीही घेत नाही.

आध्यात्मिक साधना घेणारा, नाशिक

दिवसभर देव आठवत नाही म्हणणाऱ्यांनी संध्याकाळपासून सुरुवात करावी, असे माझे ठाम मत आहे. येशूसंघाचे संस्थापक संत इग्नेशियस लोयोला (१४९१–१५५६) यांनी सांगितलेले आत्मपरीक्षण पंधरा मिनिटांत होते. आधी तीन मिनिटे आभार, आणि तेही नेमके: वेळेवर मिळालेली बस, भावाचा फोन, गरम जेवण. मग एक मिनिट पवित्र आत्म्याकडे प्रकाश मागायचा. त्यानंतर सहा-सात मिनिटे दिवसाचा मागोवा, उठल्यापासून तासातासाने: कुठे मन देवाकडे ओढले गेले, कुठे दूर गेले, कोणाशी बोलताना आवाज चढला. दोन मिनिटे क्षमायाचना. शेवटी उद्याच्या दिवसातला एखादा अवघड प्रसंग देवापुढे ठेवायचा. अख्खा उद्या नको, एक प्रसंग.

हे सर्वात जास्त बिघडते ते क्रम बदलल्याने. लोक आभार गाळून थेट चुकांवर येतात. मग ते स्वतःला झोडपणे होते, आणि असे कोणी फार दिवस करू शकत नाही. दुसरी गफलत म्हणजे अंथरुणावर आडवे होऊन करणे. तिसऱ्या पायरीआधीच झोप लागते. जेवणानंतर, भांडी आवरल्यावर, खुर्चीत ताठ बसून करा.

एखादा दोष चिकट असेल, समजा खेकसणे, तर त्यासाठी इग्नेशियस यांचीच आणखी एक पद्धत आहे. कागदावर आठवड्याच्या सात दिवसांसाठी रोज दोन रेघा. दुपारपर्यंत जितक्या वेळा घसरलात तितके ठिपके पहिल्या रेघेवर, दुपारनंतरचे दुसऱ्या रेघेवर. मग दुसऱ्या रेघेची पहिलीशी तुलना, आजची कालशी, या आठवड्याची मागच्या आठवड्याशी. एका वेळी एकच दोष घ्यावा. ज्यांना आधीच प्रत्येक बारीक गोष्टीत पाप दिसते आणि धडधडते, त्यांनी मात्र ठिपके मांडू नयेत. कबुलीजबाब ऐकणाऱ्या धर्मगुरूंशी बोलून त्यांचे ऐकावे.

भजनी मंडळातला, श्रीरामपूर

गाणे राहिलेच की! नगरच्या ख्रिस्ती समाजात कीर्तन आणि भजन रुजले ते कृष्णराव सांगळे आणि ना. वा. टिळक यांच्यासारख्यांमुळे. टिळकांचा (१८६१–१९१९) बाप्तिस्मा १८९५ साली झाला आणि अभंग-ओवीच्या वळणाची त्यांची पदे अजून उपासनेत गायली जातात. आठवड्याला एकच पद धरा. रोज एक कडवे पाठ, सहाव्या दिवशी पूर्ण पद. पोळ्या लाटताना, शेतात, सायकलवर तेच गुणगुणा. धोका असा, की चाल चढते आणि शब्द निसटतात. म्हणून आठवड्यातून एकदा तेच पद चालीवाचून, नुसते वाचल्यासारखे म्हणावे. न कळलेली ओळ लगेच उघडी पडते.

ज्यांना जुनी मराठी झेपते त्यांच्यासाठी फादर थॉमस स्टीफन्स यांचे ख्रिस्तपुराण, म्हणजे बायबलची कथा ओव्यांत सांगणारे काव्य, आहे, गोव्यात रायतूर येथे १६१६ साली छापलेले. ओव्या सुमारे अकरा हजार. रोज दहा म्हटल्या तर तीन वर्षे पुरतात. प्रत्येक ओवीनंतर थांबा, टीप बघा, मग पुढे चला. घाईने वाचले तर जुन्या शब्दांत अडकून अर्थ हाती येत नाही.

दोन लहान मुलांची आई, छत्रपती संभाजीनगर

कुटुंब प्रार्थना सात मिनिटांवर नेऊ नका. गीताचे एक कडवे, शुभवर्तमानातली चार-पाच वचने, प्रत्येकाचे एक वाक्य, शेवटी प्रभूची प्रार्थना एकत्र. वेळ जेवणानंतर लगेच. झोपेच्या वेळेला मुले किरकिरतात. आणि मोठ्यांनी प्रार्थनेतून मुलांना बोलणे बंद करावे. "देवा, याला अभ्यासाची बुद्धी दे" हे वाक्य देवाला उद्देशून नसते, आणि मुलाला ते बरोबर कळते. त्याऐवजी त्याच्या देखत त्याच्यासाठी आभार माना.

कार्मेलाइट परंपरेतली एक अभ्यासक, गोवा

वरचे सगळे नेमाने करूनही एक दिवस येतो की काहीच जाणवत नाही. चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात राहणाऱ्या इव्हाग्रियस या साधूंनी याची लक्षणे बारकाईने लिहून ठेवली आहेत. साधारण सकाळी दहाच्या सुमारास सुरू होते, दुपारी दोनपर्यंत चालते, सूर्य हलतच नाही असे वाटते, माणूस सारखा दाराबाहेर बघतो, राहती जागा नकोशी होते, सोबतचे लोक प्रेमळ नाहीत असे वाटू लागते, आणि दुसरीकडे गेलो तर बरे होईल असे वाटते. आजच्या भाषेत मंडळी बदलावी, गट बदलावा, नवे प्रवचनकार शोधावेत. त्यांचा सल्ला होता, जागा सोडू नका.

व्यवहारात याचा अर्थ असा. वेळ अर्धी करा, पण तास बदलू नका. वीस मिनिटांची दहा चालतील, सकाळी सहाचे रात्री अकरा नको. नवे शब्द सुचत नाहीत तेव्हा स्तोत्रे उसनी घ्या. स्तोत्र १३ सहा वचनांचे, "किती वेळ?" या प्रश्नाने सुरू होणारे. स्तोत्र ८८ शेवटपर्यंत अंधारातच राहते, आणि तेही शास्त्रात आहे, हे अशा दिवसांत फार आधाराचे. त्याच वाळवंटी परंपरेतले साधू कॅसियन यांनी दिवसभरासाठी स्तोत्र ७० चे पहिले वचन सुचवले होते, देवाने त्वरेने मदतीला यावे ही हाक. एका श्वासात होते. पॅरिसच्या मठात स्वयंपाकघरात राबणारे ब्रदर लॉरेन्स मन भरकटले की स्वतःवर चिडत बसत नसत, शांतपणे परत वळत. चिडण्यात जाणारा वेळही भरकटण्यातच जमा होतो.

आणि झोप व भूक दोन आठवड्यांहून जास्त बिघडली असेल, रडू थांबत नसेल, तर प्रार्थनेबरोबर डॉक्टरांकडेही जा. तो अविश्वास नाही.

कुवेतमध्ये नोकरीला, मूळचा वसईचा

इथे मुख्य उपासना शुक्रवारी असते, कारण सुट्टी त्या दिवशी. त्यामुळे दिवसाची वाचने आदल्या संध्याकाळी वाचून ठेवायची सवय गुरुवारी लावावी लागते.

घरच्यांबरोबर व्हिडिओ कॉलवर रोझरी म्हणणाऱ्यांसाठी थोडे. अंतर अडीच तासांचे, म्हणजे भारतात रात्री साडेनऊ तेव्हा इथे सात. एकत्र म्हणायला गेलात की आवाज मागेपुढे पोहोचतो आणि दोन ओळींत गोंधळ होतो. म्हणून एका दशकाचे दोन्ही भाग एकानेच म्हणावेत, बाकीच्यांनी माइक बंद करून आपापल्या जागी सोबत म्हणावे; पुढचे दशक दुसऱ्या घराकडे. गीत असेल तर तेही एकाच बाजूने. आणि फोन उभा टेकवून ठेवा, हातात धरू नका. हातात असला की अंगठा दुसरीकडे जातोच.