मदत हवी आहे: गावच्या जुन्या शाळेच्या इमारतीचं साल कसं शोधायचं?

आमच्या गावच्या (ता. गगनबावडा, जि. कोल्हापूर) जुन्या दगडी शाळेच्या निर्लेखनाचा (इमारत नोंदीतून काढून पाडण्याचा) प्रस्ताव गेलाय. ती पाडायच्या आत कधी आणि कुणाच्या पैशातून बांधली याचा कागद हवा आहे. गावात विचाराल तर 'शाहू महाराजांनी बांधली' हेच उत्तर. महाराजांनी १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं हे खरं, पण तेवढ्यावरून ही इमारत त्यांच्या काळातली ठरत नाही. शिवाय हा भाग कोल्हापूर संस्थानाखालच्या बावडा जहागिरीतला, म्हणजे पैसा जहागिरीचाही असू शकतो.

शाळेच्या जनरल रजिस्टरची (मुलांच्या प्रवेशनोंदीची वही) पहिली पानं वाळवीनं खाल्लीत. सातबारावर नुसतं 'शाळा', ग्रामपंचायतीच्या नमुना ८ मध्ये (घर-इमारतींच्या कर आकारणीची नोंदवही) सालाचा रकाना कोरा. कोनशिला कुणीतरी काढून नेलीय; दारावर तिची चुन्यानं बुजवलेली खाच तेवढी दिसते. कौलांवर बेसल मिशन या कौलं बनवणाऱ्या मिशनरी संस्थेचा शिक्का आणि १८६५ आहे, पण कृपया तेच साल धरू नका, ते त्यांचा मंगळूरचा कारखाना सुरू झाल्याचं आहे. जिल्हा परिषद १९६२ ची, त्याआधीचं तिथे काही मिळालं नाही.

आता कोल्हापूरच्या पुराभिलेखागारात जायचंय. मोडी वाचणारे ओळखीचे आहेत, सुट्टी मात्र जेमतेम. तिथे काम केलेल्यांनी सांगावं: संस्थानी काळातल्या शाळाबांधणीची मंजुरी शिक्षण खात्याच्या दप्तरात शोधू की बांधकाम खात्याच्या? आणि १९४९ च्या विलीनीकरणानंतर बावडा जहागिरीचे कागद तिथेच आले, की आणखी कुठे आहेत?