मदत हवी आहे: जुळे सोलापूर ते सात रस्ता, उन्हाळ्यात पायी ऑफिसला जाता येईल का?

नमस्कार मंडळी,

दिवाळीनंतर बदली होऊन सोलापूरला आलो. घर जुळे सोलापुरात, ऑफिस सात रस्त्याजवळ. अंतर चारेक किलोमीटर, माझ्या चालीनं पाऊण तासाच्या वर. हिवाळ्यात जमेल तसा पायी गेलो. आता ऊन तापायला लागलंय आणि घरचे म्हणतात, गाडी घ्या.

चालायची सवय मुंबईत लागली. सीएसएमटीला उतरून हुतात्मा चौकापर्यंत जायचो. दादाभाई नौरोजी मार्गावरच्या जुन्या इमारतींना कमानी आहेत, त्यामुळे बराचसा रस्ता सावलीतून. शिवाय सगळी गर्दीच चालत असते, तुमच्याकडे कोण बघतंय! पुढं पुण्यात जंगली महाराज रस्त्याचा रुंद फुटपाथ मिळाला. (पुण्याच्या बाकी रस्त्यांबद्दल न बोललेलं बरं.)

इथं अंतर आडवं येत नाही, आसरा पूल येतो. अरुंद पूल, दोन्हीकडून रिक्षा आणि दुचाक्या, चालणाऱ्यानं अंग चोरायचं तरी किती? पुढं होटगी रोडला फुटपाथ लागला की त्यावर गाड्या लावलेल्या. आणि ओळखीची माणसं! "काय साहेब, गाडी बिघडली काय? बसा की." नको म्हटलं की त्यांनाच वाईट वाटतं.

तर विचारायचंय: पूल टाळून जाता येतं का? एप्रिल-मेमध्ये कुणी चालतं का? आणि ऑफिसात पोचल्यावर घामाचं काय करता?

गिरणगल्ली:
मालक, पूल नको असेल तर विजापूर रोडला लागा, पत्रकार भवनावरून सात रस्ता. लांब पडतंय. फुटपाथ नसेल तिथं उजव्या कडेनं चाला, समोरची गाडी दिसते तरी. आमचे आजोबा जुन्या मिलला भोंग्याच्या आधी पायी पोचायचे, त्यांना कुणी गाडीचं विचारलं नाही. तुम्ही "डॉक्टरनं सांगितलंय" म्हणा, पुन्हा कुणी थांबवत नाही बे.

सावली:
मी मेमध्येही चालते, पण फक्त सकाळी. आठच्या आत निघा, ऑफिस उघडेपर्यंत कुठंतरी चहा घ्या. परतताना रिक्षा. संध्याकाळी ऊन उतरलं तरी डांबर तापलेलंच असतं.

घामाबद्दल एक सांगते. मुंबईत दमट हवेत सदरा अंगाला चिकटतो, म्हणून घाम आलेला कळतो. आपल्याकडची हवा कोरडी, घाम लगेच उडून जातो. अंग कोरडं वाटतं आणि पाणी मात्र कमी होत असतं. तहान लागायची वाट बघू नका. डोक्याला ओला टॉवेल गुंडाळा, सोलापुरात त्याला काय तोटा! एक सदरा ऑफिसात ठेवा. डोकं गरगरलं, मळमळलं, तर सावलीत बसा आणि सरळ रिक्षा करा. पारा चाळिसावर गेल्यावर हट्ट नको.

धागाकर्ता:
दोघांचे आभार. सकाळी पायी आणि संध्याकाळी रिक्षा, हे घरीही पटेल. सात रस्त्याजवळ साडेआठला बसता येईल असं चहाचं ठिकाण कुणी सुचवेल का? उभ्यानं प्यायची टपरी नको, पंखा हवा.