मदत हवी आहे: 'आवडतेस' आणि 'प्रेम आहे' यांच्या मधला शब्द

माझी भाची 11 वर्षांची, जन्मापासून जर्मनीत. मराठी छान बोलते, देवनागरीही गिरवते. पुढच्या महिन्यात आईला (तिच्या आजीला) 75 पूर्ण होतात, तेव्हा स्वतःच्या हाताने कार्ड लिहायचंय तिला. पहिल्याच ओळीला अडलोय.

जर्मनमध्ये तीन पायऱ्या आहेत. 'इश माग डिश' म्हणजे तू मला आवडतेस. 'इश लीबे डिश' हे बहुतेक करून प्रियकर-प्रेयसीचं. आणि घरच्या माणसांसाठी मधलं, 'इश हाब डिश लीप'. तिला हे मधलंच हवंय.

'आजी, तू मला खूप आवडतेस' लिहून पाहिलं. तिचं म्हणणं, आंबाही आवडतोच की! बरोबरच आहे. 'माझं तुझ्यावर प्रेम आहे' व्याकरणाने चोख, पण वाचताना सिनेमातला संवाद वाटतो. माया मोठ्यांनी धाकट्यांवर करायची. लळा, जिव्हाळा हे शब्द आपण तिसऱ्या माणसाबद्दल बोलताना वापरतो. 'आजीवर तिचा फार जीव आहे' हे मी सहज म्हणते, पण तिने स्वतः 'माझा तुझ्यावर जीव आहे' लिहिलं तर चालेल का, याची मला खात्री वाटत नाही.

'लव्ह यू आजी' नकोय, कविताही नको. एकच साधं वाक्य, नातीने आजीला समोरासमोर म्हणावं असं. तुमच्या घरात, तुमच्या बोलीत पोरं आजीला हे नेमक्या कोणत्या शब्दांत सांगतात?