लहान मुलाच्या मेंदूतला फुगा: क्लिप की कॉइल?

सोलापूरची मावशी:
भाचा माझा, वय ९. क्रिकेट खेळता खेळता डोकं गच्च धरून खाली बसला आणि भडाभडा ओकला. पहिल्या दवाखान्यात पित्ताची गोळी देऊन घरी धाडलं. दुसऱ्या दिवशी मान ताठ, डोळ्यांवर झापड. सीटी स्कॅनमध्ये मेंदूभोवती रक्त, अँजिओग्राफीत मेंदूला रक्त नेणाऱ्या कॅरोटिड धमनीला फाटा फुटतो तिथेच फुगा, म्हणजे धमनीची भिंत फुगून झालेली पिशवी. कवटी उघडून फुग्याच्या मानेवर, म्हणजे तो धमनीला जोडलेला असतो तिथे, चिमट्यासारखी क्लिप लावली. आज पोरगं शाळेत जातंय. माझं मत ठाम आहे, लहान मुलांना क्लिपच. कॉइल म्हणजे फुग्यात भरतात ती बारीक तार; ती दबते, फुगा परत भरू शकतो, आणि मुलापुढे अख्खं आयुष्य पडलेलं असतं.

न्यूरो आयसीयूतली सिस्टर:
मावशी, भाचा सुखरूप आहे हे वाचून बरं वाटलं. पण ‘क्लिपच’ नाही पटत. क्लिप आणि कॉइलची तुलना करणाऱ्या २००२ च्या आयसॅट चाचणीत २,१४३ रुग्ण होते. वर्षभरानंतर मृत किंवा परावलंबी झालेले शंभरात क्लिपवाले ३१, कॉइलवाले २४.

मावशी:
ते सगळे मोठे हो! मुलांचे आकडे त्यात कुठे आहेत?

सिस्टर:
नाहीत, मान्य. म्हणून तर कुठल्याच बाजूने ‘च’ लावू नये. मुलांत फुगे मुळात विरळा, पण असले तर मेंदूच्या मागच्या बाजूचे आणि अडीच सेंटिमीटरहून मोठे फुगे मोठ्या माणसांपेक्षा जास्त दिसतात. मागे, बॅसिलर धमनीपर्यंत कवटी उघडून पोचणं फार अवघड, जांघेतून नळी घालून कॉइल सोडणं सोपं. शिवाय २० किलोच्या मुलाच्या अंगात रक्त असतं जेमतेम दीड लिटर. टेबलावर त्यातलं पाव लिटर गेलं तरी भूलतज्ज्ञांचा चेहरा उतरतो. मी पाहिलाय.

एक बाबा, नागपूर:
दोघींशीही असहमत. आमच्या मुलीला हृदयाच्या झडपेत जंतुसंसर्ग होता, तिथून गाठी मेंदूत जाऊन फुगा झाला. सहा आठवडे शिरेतून अँटिबायोटिक, पुन्हा अँजिओग्राफी, फुगा नाहीसा! सगळ्यांचा असा जात नाही, वाढला तर हात घालावाच लागतो. पण आधी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, आणि जंतू शोधायला रक्ताचं कल्चर करा. तुमच्या वादात ‘फुगा झाला कशाने’ हे कुणी विचारलंच नाही.

मावशी:
हे खरंच डोक्यात आलं नव्हतं. तरी आमच्या पोराला क्लिप लावली ती योग्यच, त्यावर मी ठाम आहे.

सिस्टर:
त्याच्यासाठी योग्यच होती, मावशी. पण मुलांत दुसऱ्या जागी नवा फुगा येऊ शकतो. पुढची एमआर अँजिओग्राफी कधी सांगितलीय त्याची?